मोठा कॅटफिश घरी ठेवायला घेताय? आधी जमीन, विहीर आणि लाईटचं बघा

दुकानातला दोन-अडीच इंचांचा रेड टेल कॅटफिश बघितला की कुणालाही घ्यावासा वाटतो. काळपट पाठ, पांढरं पोट, लालभडक शेपटी, तोंडापुढे हलणाऱ्या लांब मिशा, आणि वर दुकानदार सांगतो, "काचेएवढाच वाढतो हो, चार फुटी टँक आहे ना, मग बास झालं." वर्षभरात तोच मासा दीड-दोन फुटांचा होतो, टँकमधले बाकीचे मासे एकेक करून गायब झालेले असतात, वळताना शेपटी काचेवर आपटते, आणि मग फोनाफोनी सुरू होते की कुणाला हवाय का, तुमची तर गावाला विहीर आहे ना. कोकणातल्या माणसाला असे फोन जरा जास्तच येतात, कारण मुंबई-पुण्याच्या लोकांना वाटतं की इकडे जागाच जागा आणि पाणीच पाणी. मी रत्नागिरीच्या बाजूला असतो आणि असे दुसऱ्यांना नको झालेले मासे ठेवून घेतो, त्यामुळे जे कोणी "मी पण एक रेस्क्यू करू का" असं विचारतात त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय, थोडं गणित आहे पण अवघड नाही.

आधी कोणकोणते मासे असे दारात येतात ते बघू. रेड टेल हा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांचा मासा, पूर्ण वाढला की चार फुटांच्या आसपास, कधी त्याहून मोठा, आणि वजन तीस-चाळीस किलो सहज, पन्नास किलोच्या पुढचेही तिकडे गळाला लागलेत. नीट सांभाळला तर पंधरा वर्षांहून जास्त जगतो. दुसरा म्हणजे दुकानात ज्याला नुसतं 'शार्क' म्हणून विकतात तो, तो शार्क बिर्क काही नाही, तो पंगास, म्हणजे हॉटेलात बासा फिश म्हणून जो फिले येतो ना तोच, मूळचा मेकाँग आणि थायलंडच्या चाओ फ्राया नदीचा. हाही चार फुटांवर जाऊ शकतो, शिवाय थव्याने राहणारा आणि अत्यंत घाबरट, अंधारात अचानक ट्यूबलाईट लावली तरी काचेवर धडक मारून तोंड फोडून घेतो. गंमत अशी की शेततळ्यांतून टनावारी वाढवला जाणारा हा मासा त्याच्या मूळ नदीत मात्र धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. तिसरा सकर, "काच साफ करतो" म्हणून गळ्यात मारलेला, तो दीड फुटापर्यंत जातो आणि मोठा झाला की काच साफ करण्यापेक्षा घाणच जास्त करतो. टायगर शॉव्हेलनोज वगैरे मंडळी क्वचित येतात, त्यांचं गणित रेड टेलसारखंच.

थाई मागूर कुणी देऊ केला तर मात्र सरळ नाही म्हणा. तो आफ्रिकन मागूर, आपल्याकडे त्याच्या पालनावर बंदी आहे आणि महाराष्ट्रात मत्स्यविभागाने तळ्याच्या तळी उपसून तो नष्ट केलाय, त्यात रेस्क्यूचा प्रश्नच येत नाही.

आता "काचेएवढाच वाढतो" हे कुठून आलं ते. लहान टँकमध्ये मोठ्या माशाची वाढ खरंच मंदावते, एवढं खरं आहे. पण ती मंदावते कारण त्याच्याच मूत्र-विष्ठेतून साठलेल्या घाणीत तो रोज पोहत असतो, हालचाल होत नाही, ताण असतो, आणि शरीर वाढीवर खर्च करायची ताकद जिवंत राहण्यावर खर्च करतं. असे मासे बघितलेत तर लक्षात येतं, डोकं मोठं, अंग आखूड, पाठीच्या कण्याला बाक, मिशा झिजून बुडख्याएवढ्या राहिलेल्या, नाकाडावर काचेला घासून घासून पांढरा घट्टा. पंगासाच्या बाबतीत तर डोळाही गेलेला असतो पुष्कळदा. अशा माशाला मोठ्या पाण्यात सोडलं की मिशा बऱ्याचदा परत येतात, खाणं वाढतं, रंग सुधारतो, पण कण्याचा बाक जात नाही, तो तसाच राहतो जन्मभर.

जागेचं बोलू. चार फुटी टँक म्हणजे समजा चार बाय दीड बाय दीड फूट, नऊ घनफूट, एका घनफुटात साधारण २८ लिटर म्हणजे अडीचशे लिटर पाणी. तीन-साडेतीन फुटांच्या माशाला दीड फूट रुंदीत वळताच येत नाही, तो कायम घडी घालून वळतो. माझा साधा हिशोब असा की टाकीची रुंदी माशाच्या पूर्ण वाढीच्या लांबीपेक्षा बरीच जास्त पाहिजे, दीडपट-दुप्पट असेल तर उत्तम, आणि लांबी तिपटीच्या पुढे. म्हणजे एका रेड टेलला बारा बाय आठ फूट आणि पाणी साडेतीन फूट धरलं तर ३३६ घनफूट, साडेनऊ हजार लिटर. ऐकून दचकायला होतं हे मान्य, पण दचकायचं असेल तर मासा आणायच्या आधी दचकावं.

साडेनऊ हजार लिटर म्हणजे साडेनऊ टन. फ्लॅटवाल्यांनी इथेच थांबावं. राहत्या घराच्या स्लॅबचं डिझाइन करताना वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात, आणि नुसतं पाऊण मीटर पाणी उभं केलं तर तेच चौरस मीटरला ७५० किलो होतं, काच-स्टँड वेगळं. "आमचा बिल्डर चांगला होता" हे काही उत्तर नाही. मोठी टाकी तळमजल्यावर, जमिनीला टेकून, हाच एक मार्ग.

आणि इथे कोकणातल्या माणसाचं खरंच बरं आहे. अंगणाच्या कडेला, माडाच्या सावलीत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, टाकी बांधता येते, चिरा इथलाच, गवंडी गावातलाच, काचेच्या टँकच्या मानाने खर्च कितीतरी कमी. वर्षभर हवा उबदार, हीटर लागत नाही. फक्त नवीन सिमेंटची टाकी बांधून लगेच मासा सोडायचा नाही, ताज्या सिमेंटातून चुना उतरत राहतो आणि पाण्याचा पीएच ११-१२ पर्यंत जातो, त्यात मासा अक्षरशः भाजून निघतो. टाकी भरायची, चार-पाच दिवस ठेवायची, रिकामी करायची, परत भरायची, असं काही आठवडे. जुने लोक त्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून ठेवतात, तो कुजताना जे आम्ल सुटतं त्याने हे काम लवकर होतं, मग ते कुजकं पाणी सगळं काढून टाकी घासून घ्यायची. पीएच किट आणा, साडेसात-आठच्या खाली येऊन तिथेच टिकला की मग पुढचं. आतून प्लास्टर गुळगुळीत पाहिजे, उघडा चिरा ठेवला तर खवलं नसलेल्या या माशाचं अंग खरवडून निघतं. चिरा नको असेल तर शेततळ्याला टाकतात तसला जाड प्लास्टिकचा कागद टाकूनही टाकी होते, मात्र खालचे खडे आणि मुळं नीट काढा.

वर छप्पर हवंच. याचं एक कारण बगळे-खंड्या आणि मासा बाहेर उडी मारतो हे, ओढ्याकाठी घर असेल तर पाणमांजरही येतं, त्याच्यासाठी जाळी बास झाली. पण मोठं कारण पाऊस. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे काही विशेष नाही, आणि दहा चौरस मीटरच्या उघड्या टाकीत त्या हिशोबाने एका मोसमात तीस हजार लिटर पावसाचं पाणी पडतं, टाकीत मावतं त्याच्या तिप्पट. पावसाचं पाणी वाईट नसतं पण त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि क्षार नसलेल्या पाण्याची काय भानगड होते ते आता सांगतो, सगळ्यात जास्त मासे त्यातच मरतात.

मासा खातो, आणि त्यातल्या प्रथिनांतला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो. अमोनिया विषारी. फिल्टरमधल्या स्पंजावर, दगडांवर जे बॅक्टेरिया वाढतात ते त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य, आणि ते आपण पाणी बदलून काढतो. ही साखळी नव्या फिल्टरमध्ये जमायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून मासा यायच्या आधी फिल्टर चालू होऊन पिकलेला पाहिजे, आणि सगळ्यात सोपं म्हणजे ज्याच्याकडून मासा घेताय त्याच्या जुन्या फिल्टरमधला स्पंज-दगडांचा मालसुद्धा मागून घ्या, ओला आणा, नळाच्या पाण्याने धुऊ नका. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं.

पुढचं कमी लोकांना माहीत असतं. अमोनियाचं नायट्रेट करताना बॅक्टेरिया आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल झेलायला पाण्यात क्षार लागतात, कार्बोनेट-बायकार्बोनेट, ज्याला किटवर केएच म्हणतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला साधारण सात ग्रॅम क्षार खर्च होतात. आता जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बघा, प्यायला गोड, डाळ पटकन शिजते, साबणाला फेस भरपूर, कारण त्यात क्षार कमी. घाटावरच्या बोअरचं पाणी भांड्यांवर पांढरे डाग पाडतं, आपलं पाडत नाही. घाटावरचा माणूस सांगतो "मी तर काहीच करत नाही, माझे मासे मस्त आहेत" ते त्याच्या पाण्यामुळे, त्याच्या हुशारीमुळे नाही, आणि त्याचं ऐकून आपण तसंच केलं की फसतो.

हिशोब करून बघू. समजा पाच हजार लिटरची टाकी आणि विहिरीच्या पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम क्षार, म्हणजे सगळ्या टाकीत मिळून २०० ग्रॅम. माशाला एका वेळी १०० ग्रॅम चांगलं प्रथिनवालं पेलेट घातलं तर त्यातून साडेतीन ग्रॅमच्या आसपास अमोनिया-नायट्रोजन सुटतो, तो पचवायला पंचवीस ग्रॅम क्षार जातात. आठ जेवणांत खातं रिकामं! आठवड्यातून दोनदा खायला घालत असाल आणि पाणी बदललं नाही तर महिन्याभरात. त्यानंतर पीएच घसरायला लागतो, साडेसहाच्या खाली बॅक्टेरियांचं काम मंदावतं, सहाच्या आसपास जवळजवळ थांबतं, आणि अमोनिया साठायला लागतो.

आणि मासा तरीही जिवंत दिसतो, हेच फसवं आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक जहाल आणि एक मवाळ, आणि कुठलं किती ते पीएचवर ठरतं. पीएच ७ ला अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात जहाल रूप एका टक्क्याहूनही कमी असतं, पीएच ८ ला सहा-सात टक्के. आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ सगळा अमोनिया मवाळ रूपात गप्प पडून असतो, मासा थोडा सुस्त एवढंच. मग मालकाला एक दिवस वाटतं की पाणी फार जुनं झालंय, तो उत्साहाने ऐंशी टक्के पाणी काढून नवीन भरतो, पीएच एकदम वर जातो, उरलेल्या अमोनियातला जहाल भाग एकदम वाढतो आणि संध्याकाळपर्यंत मासा उलटा. मग विहिरीच्या पाण्याला दोष, कुणीतरी नजर लावली म्हणून दोष. म्हणून दुर्लक्षित टँकमधला मासा असेल तर आधी अमोनिया आणि पीएच मोजा, आणि पाणी रोज थोडं थोडं, दहा टक्के वगैरे, असं बदला.

यावरचा इलाज आपल्या दारातच पडलेला असतो. तिसऱ्यांच्या, कालवांच्या शिंपल्या. याच शिंपल्या भाजून किनाऱ्यावर पूर्वी घरं बांधायचा चुना करायचे. कालवण झालं की शिंपल्या उकळून, घासून, आठवडाभर उन्हात वाळवायच्या, मांसाचा कण राहू द्यायचा नाही, आणि जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमधून पाणी जिथून पडतं तिथे ठेवायच्या. पाणी आम्लधर्मी व्हायला लागलं की त्या विरघळतात, नाहीतर नुसत्या पडून राहतात, त्यामुळे जास्त पडायची भीती जवळजवळ नाही. वर्ष-सहा महिन्यांनी पातळ, ठिसूळ झालेल्या दिसल्या की बदलायच्या. रेड टेल मूळचा मऊ पाण्यातलाच मासा, त्याला क्षार नकोत असं काही जण सांगतात, बरोबर आहे, पण क्षार फिल्टरला हवेत, आणि ॲमेझॉनमध्ये एका माशामागे फक्त पाच हजार लिटर पाणी नसतं.

शिंपल्या ठेवल्या म्हणजे पाणी बदलायचं नाही असं नाही, नायट्रेट साठतंच. वरच्याच हिशोबात एका जेवणामागे लिटरला तीन मिलिग्रॅम वाढतं, ते चाळीसच्या खाली ठेवायचं म्हणून आठवड्याला पाव टाकी बदलायची सवय ठेवा. काढलेलं पाणी गटारात घालवू नका, माड-पोफळीच्या शिपण्याला द्या, खताचं पाणी आहे ते. अडचण एप्रिल-मेमध्ये येते, कारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या गावांत मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, बायका हंडे घेऊन उभ्या असतात आणि तुम्ही माशासाठी हजार-बाराशे लिटर उपसताय हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसतं. ते बरोबर दिसतं. तुमची विहीर मेमध्ये आटत असेल तर मोठा मासा घेऊ नका, दुसरं काही बोलायची गरजच नाही.

विहिरीचं आणखी एक म्हणजे टीसीएल. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस येऊन विहिरीत टीसीएल पावडर टाकून जातो, रोगराई नको म्हणून, आणि ते केलंच पाहिजे. पण त्यातल्या क्लोरीनने माशाचे कल्ले जळतात आणि फिल्टरमधले बॅक्टेरियाही मरतात. त्या माणसाशी ओळख ठेवा, पावडर टाकायच्या आदल्या दिवशी सांग म्हणावं, त्यानंतर तीन-चार दिवस पाणी बदलू नका, नाहीतर ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन वापरा. खोल विहिरीच्या ताज्या उपशात ऑक्सिजनही कमी असतो, म्हणून पाणी आधी दुसऱ्या टाकीत काढून रात्रभर हवेचा दगड (हवेच्या पंपाच्या नळीला लावतात तो, बुडबुडे सोडणारा) लावून मग सोडलेलं बरं.

खायला काय. इथे मासळी स्वस्त मिळते म्हणून लोक तारली, मांदेली, कोळंबीची डोकी, जे उरेल ते घालतात, आणि मासा गपागप खातो. तारलीला तेल फार, रोज दिली तर चरबी चढते आणि पाण्यावर तवंग येतो. शिवाय काही माशांत आणि शिंपल्यांच्या मांसात थायामिनेज असतं, ते ब जीवनसत्त्वातलं बी-वन मोडून टाकतं, गोल्डफिशमध्येही ते असतं, त्यामुळे "जिवंत गोल्डफिश घालतो बघा कसा खातो" हा जो व्हिडिओसाठीचा प्रकार आहे तो माशालाही वाईट आणि गोल्डफिशलाही. बुडणारं पेलेट हे मुख्य जेवण, त्याच्या जोडीला कधी सोललेली कोळंबी, कधी पांढऱ्या मासळीचे तुकडे, मीठ न लावलेले. लहान असताना रोज, दोन फुटांच्या पुढे गेला की आठवड्यातून दोन-तीनदाच. मागतो म्हणून घालायचं नाही, हा मासा कायम मागतच असतो. कोंबडीचं काळीज, मटणाची चरबी नको, ती चरबी त्याला पचत नाही.

आणि रेड टेल काहीही गिळतो. खडी, थर्मामीटर, फिल्टरची रबरी चूषणी, हीटरसुद्धा. टाकीच्या तळाला काही घालू नका, शोभा हवीच असेल तर नदीतले गोल गोटे, त्याच्या डोक्याहून मोठे.

लाईट. पहिल्या वळवाला लाईट गेली की कधी येईल याचा भरवसा नाही हे आपल्याला सांगायला नको, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आदळलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. पंप बंद पडला की दोन गोष्टी होतात, पाण्यातला ऑक्सिजन संपायला लागतो, आणि बंद फिल्टरमधले बॅक्टेरिया काही तासांत गुदमरायला लागतात. गरम पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो, वीस अंशाला लिटरला नऊ मिलिग्रॅम तर तीस अंशाला साडेसात, म्हणजे मे महिन्यात आधीच ओढाताण. पंगास वर येऊन हवा गिळून वेळ काढू शकतो, रेड टेलला ते जमत नाही. तेव्हा मोठा पाण्याचा पंप इन्व्हर्टरवर चालवायच्या भानगडीत न पडता फक्त हवेचा पंप चालवा. दीडशे अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर अठराशे वॉट-तास, तूट धरून बाराशे मिळतात समजा, तर चाळीस वॉटचा हवेचा पंप तीस तास चालतो. लाईट जाईल असं दिसलं की खाणं बंद, मोठा मासा आठ-दहा दिवस उपाशी सहज राहतो, आणि न खाणारा मासा अमोनियाही कमी सोडतो. लाईट आल्यावर बंद डब्यातल्या फिल्टरचं सडकं पाणी आधी बाहेर ओता, मगच चालू करा.

औषधांबाबत एवढंच की या माशांना खवलं नसतात, त्यामुळे तांबं असलेली औषधं, मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन ही बाटलीवर लिहिलेल्या डोसने घालू नका, निम्म्याने सुरू करतात, आणि आधी पाणी तपासा, कारण दहातल्या आठ वेळा आजार पाण्यातच असतो. शंका असली तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासूनचं, तिथे विचारता येतं. अशी औषधं झालेला मासा खायचा नाही हे वेगळं सांगतो, कारण टाकी बघायला आलेला प्रत्येक मालवणी पाहुणा एकदा तरी विचारतोच, "एवढो मोठो मासो आसा, नि तुम्ही खात नाय?"

मासा आणताना. आधी तीन-चार दिवस उपाशी ठेवायला सांगा, नाहीतर गाडीत ताणाने ओकतो आणि सगळं पाणी नासतं. जाळ्याने पकडू नका, छातीच्या परांचे काटे ताठ होऊन लॉक होतात आणि जाळ्यात असे अडकतात की जाळं कापावं लागतं. ओली ताडपत्री किंवा जाड चादर पाण्यातच खाली सरकवायची, दोघांनी दोन टोकं धरायची आणि झोळीसारखं उचलायचं. शिंगाळ्याचा काटा लागलेला कोळी काय ओरडतो ते ज्याने ऐकलंय त्याला या काट्यांबद्दल सांगायला नको. जाता जाता, हा आपला समुद्रातला शिंगाळाही कॅटफिशच, आणि त्यातला नर अंडी तोंडात धरून, उपाशी राहून, पिल्लं होईपर्यंत फिरतो, कौतुकाने बघावं असं प्रकरण आहे. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, वेदना उतरते, मग डॉक्टरकडे जा.

प्रवासाला झाकणाचा मोठा ड्रम किंवा मासळीवाले वापरतात तसला थर्माकोलचा मोठा बॉक्स, अंधार, बॅटरीवरचा हवेचा पंप, आणि रात्रीचा प्रवास. लांबून आणलेल्या माशाला तासभर त्याच पाण्यात ठेवून थेंब थेंब नवीन पाणी मिसळत बसू नका. बंद बॉक्समध्ये कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो, झाकण उघडलं की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि प्रवासात साठलेला अमोनिया जहाल होतो, वरचीच गोष्ट. तापमान जुळवा आणि पटकन हलवा, बॉक्सचं पाणी टाकीत ओतू नका.

आता तो नेहमीचा सल्ला, "सोडून दे ना नदीत". वहाळात, चिरेखाणीच्या डबक्यात, गावच्या तळ्यात, कुठेही सोडायचा नाही. २०१८ च्या पुरात केरळात लोकांनी हौसेने पाळलेले अरापायमा आणि ॲलिगेटर गार हे मोठे परदेशी मासे नद्यांत सापडले. सकर तर केरळ, तामिळनाडू, आंध्र, बंगाल सगळीकडे पसरलाय, काठांत बिळं पाडतो, कोळ्यांची जाळी फाडतो, आणि खाणारा कुणी नाही. आपल्या नद्या छोट्या, सह्याद्रीतून निघून पन्नास-साठ किलोमीटरमध्ये खाडीला मिळणाऱ्या, आणि त्यांत इथेच असणारे, बाहेर कुठे न सापडणारे मासे. मृगाच्या पावसात चढणीचे मासे वहाळातून शेतांत अंडी घालायला चढतात तेव्हा त्या वाटेवर चार फुटांचा मासा तोंड आ वासून बसलाय अशी कल्पना करा. इथे त्याची पिल्लं होवोत न होवोत, तो एकटाच पंधरा वर्षं खाणार. महाडजवळ वाळण कोंडीत देवाचे म्हणून राखलेले मासे आहेत, तिथे कुणी श्रद्धेने नेऊन सोडला तर काय घ्या.

त्याच कारणाने पूररेषेच्या आत टाकी नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी कुठवर चढलं ते सगळ्यांनी पाहिलंय, अशा पाण्यात टाकी बुडाली की आतला मासा वाशिष्ठीत गेलाच म्हणून समजा, मग जाळी असो नाहीतर झाकण. टाकीच्या जास्तीच्या पाण्याचा पाइपसुद्धा वहाळात सोडू नका, बागेत सोडा, तोंडाला जाळी लावून.

एवढं सगळं वाचून जमत नाही असं वाटलं तर नाही म्हणा, त्यात काही कमीपणा नाही. ज्याचा मासा आहे त्याला दोन गोष्टी सांगा, एक तर दुकानदाराला परत घ्यायला लाव, बरेच जण घेतात, आणि दुसरं म्हणजे जागा मिळेपर्यंत खाणं कमी कर आणि आठवड्याला पाणी बदल, तेवढ्याने महिने निघतात. कणा पार मोडलेला, खाणं सोडलेला, तोल राहत नसलेला मासा असेल तर त्याला शांतपणे मरू देणंही रेस्क्यूच. लवंग तेलाच्या जास्त मात्रेने मासा आधी बेशुद्ध होतो आणि मग जातो, पण तीन फुटांच्या माशाला ते अंदाजपंचे करू नका, मात्रा कमी पडली तर हाल होतात, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.

आणि घेतलाच, तर मासा घरात यायच्या आधी पुढचा माणूस ठरवून ठेवा. आज तुम्ही पंचेचाळीसचे असाल तर हा मासा तुमच्या साठीपर्यंत टाकीत आहे, मुलगा पुण्याला, बायको म्हणते मला त्या काट्यांची भीती वाटते, मग तुम्ही आठ दिवस हॉस्पिटलात असताना फिल्टर कोण बघणार? त्या माणसाला टाकीच्या भिंतीवर पत्रा ठोकून त्यावर पेंटने लिहून ठेवा, किती ग्रॅम, कुठल्या वारी, पाणी किती, बॅटरीची वायर कुठली. कागद पावसाळ्यात टिकत नाही.